नानांचा सा आणि तांब्याच्या वाटा

लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांतून हिंडले, तर ज्या घरात एके काळी गाणे होते ते घर ओळखायला फारसा वेळ लागत नाही. माजघराच्या कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा भिंतीला टेकून उभा असतो, आणि त्याच्या शेजारच्या फळीवर बहुधा एक लहानशी चौकोनी पेटीही असते. तिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा म्हणतात. तंबोरा वडिलांचा, पेटीही वडिलांचीच. आणि पुष्कळदा दोन्ही मुकी झालेली. आमच्या घरी तेच होते. तंबोऱ्याच्या तारा बदलल्या, जवारी काढून घेतली की तो पुन्हा बोलू लागतो, हे आम्हा गाणाऱ्यांना ठाऊक असते. पेटी मुकी झाली तर काय करावे, हे मात्र कोणी शिकविलेले नसते. ते मी चाळिशी उलटल्यावर, माझ्याच एका शिष्याकडून शिकलो. त्याची ही हकीगत.

आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, दरबारी गवई. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा ते अगदी तरुण होते; दरबारात आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन बसता बसता नुकते कोठे स्वतः गाऊ लागले होते. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. दरबार गेला, पण पहाटेची खर्जाची मेहनत गेली नाही. बंगळूरचे जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये मद्रासच्या म्युझिक अॅकॅडमीच्या परिषदेत पहिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा दाखविला आणि पुढे अशा पेट्या घरोघर आल्या, तेव्हा नाना त्यांची थट्टा करीत. "चित्रातल्या समईपुढे पोथी वाचण्यासारखे आहे हे," असे ते म्हणत. पण पुढे संधिवाताने बोटे आखडली, तंबोरा छेडायला शिष्यही पहाटे येईनासे झाले, तेव्हा एके दिवशी त्यांनी आपण होऊन मला पेटी आणायला सांगितले. पेटी आली. स्वर चढवण्या-उतरवण्याच्या खुंटीपाशी त्यांनी ताईच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावून घेतला. तो नानांचा सा. शेवटपर्यंत खुंटी त्या ठिपक्यावरून हलली नाही.

नाना गेल्यावर पेटी कपाटात ठेवली गेली, ती आतल्या सेलसकट. सहा वर्षांनी ती काढली, तेव्हा सेल फुटून त्यांतले द्रव्य आत झिरपले होते आणि तांब्याच्या रेघांवर हिरवट-पांढरी बुरशी चढावी तसा थर साचला होता. दोष पेटी करणाऱ्याचा नव्हे, आमचाच. बाड्याजवळच्या दुरुस्तीवाल्याने ती उघडून पाहिली आणि सांगितले, "बोर्ड खलास है, पंडितजी. नई ले लीजिए." नवी घेणे अवघड नव्हते. आता तर तेही लागत नाही. माझे विद्यार्थी खिशातल्या मोबाइलवर तानपुरा लावून बसतात, आणि तो सुरेलही असतो. पण त्यांपैकी कशावरही तो लाल ठिपका नव्हता.

माझ्याकडे गाणे शिकणारा एक मुलगा पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. त्याने पेटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, आयसी सगळे शाबूत दिसताहेत. फक्त खालच्या वाटा खाल्ल्या गेल्यात. वाटा आपण नव्या घालू."

"म्हणजे काय करायचं?"

"बोर्ड घरी बनवायचा. पण आधी तो संगणकावर मांडायला लागेल. मांडणी तुम्ही करा, मी दाखवतो."

येथून आमचे गुरुशिष्याचे नाते आठवड्यातून दोन संध्याकाळी उलटे झाले.

हा बोर्ड म्हणजे काय, ते प्रथम सांगतो. काचतंतू आणि राळ यांची साधारण १.६ मिलिमीटर जाडीची पाटी. तिच्या एका अंगाला तांब्याचा अतिशय पातळ पत्रा, सामान्यतः ३५ मायक्रॉनचा. नको तेथले तांबे आम्लासारख्या द्रवात विरघळवून काढायचे, हव्या तेवढ्या रेघा ठेवायच्या, आणि पाटीला भोके पाडून पलीकडच्या अंगाने घातलेल्या सुट्या भागांचे पाय या रेघांना डाखाने जोडायचे. वीज त्या रेघांच्या वाटेने जाते. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास असा छापील मंडलाचा रेडिओ केला आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तोवर यंत्राच्या पोटात तारांचे जंजाळ हाताने जोडावे लागे. छापखान्याशी परिचय असलेल्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही. वर्तमानपत्रांतील चित्रांचे जस्ताचे ब्लॉक असेच आम्लात कोरले जात.

संगणकावरच्या ज्या साधनाने ही मांडणी करतात त्याचे नाव किकॅड. फ्रान्समधील ग्रनोबल येथे अध्यापन करणाऱ्या झाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये त्याचा आरंभ केला, आणि २०१३ पासून जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेनेही त्याच्या घडणीस हात लावला. ते फुकट मिळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची आतली संहिता सर्वांना खुली आहे. याचे मोल मला एका दुसऱ्या उदाहरणावरून कळले. ईगल नावाचे असेच एक साधन १९८८ पासून हौशी लोकांच्या फार आवडीचे होते. ते ज्या कंपनीच्या मालकीचे झाले, तिने २०२३ मध्ये जाहीर केले की ७ जून २०२६ नंतर ते मिळणार नाही. वर्षानुवर्षे त्यात काम केलेल्यांना आपले संसार हलवावे लागले. आपल्याकडे खाँसाहेब मंडळी चिजा कुलपात ठेवीत आणि त्यांच्याबरोबर त्या चिजाही जात, तशातलीच ही गोष्ट. पंडित भातखंडे यांनी गावोगाव फिरून त्या जमविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून खुल्या केल्या, म्हणून आज त्या कोणाच्याही हाती लागतात.

भातखंड्यांची आठवण आणखी एका कारणाने झाली. किकॅडमध्ये कामाचे दोन टप्पे असतात. पहिल्यात मंडलाचा नुसता आराखडा काढायचा: कोणता भाग कोणाला जोडला आहे एवढेच दाखवायचे. रेझिस्टर म्हणजे एक चौकट, कपॅसिटर म्हणजे दोन समांतर रेघा, आयसी म्हणजे पाय मोजलेला एक चौकोन. कोण कोठे बसणार, याची येथे चिंता नाही. ही झाली स्वरलिपी. स्वरलिपीत ठिपक्याला केवढे महत्त्व असते, हे शिकविणारा जाणतो. स्वराखाली दिला तर मंद्र, वर दिला तर तार. या आराखड्यातही तसेच आहे. दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तेथे ठिपका असेल तर त्या जोडलेल्या, नसेल तर नुसत्या एकमेकींवरून गेलेल्या. एक ठिपका विसरलो, तर पंचम बोलणार नाही.

जुन्या बोर्डाचा आराखडा आमच्याकडे नव्हता. म्हणून मीटरच्या टोकांनी एकेक वाट तपासत, कोणता पाय कोठे जातो याची वही केली. सात आयसी, अकरा ठिकाणी वरून टाकलेल्या तारा, आणि बाकी सारे सुटे भाग. तीन आठवडे लागले. नाना एखादी अनवट चीज कोणाच्या तोंडून अर्धीमुर्धी ऐकून आले म्हणजे ती जुळवायला बसत. त्या चिकाटीचा थोडा अंश या कामी आला असे मला वाटते.

दुसरा टप्पा मांडणीचा. येथे प्रत्येक भागाला त्याचे खरे माप द्यायचे. आयसीच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटरांचे, म्हणजे इंचाच्या दशांशाचे अंतर. दोन रांगांत ७.६२ मिलिमीटरांचे. अशी मापे किकॅडच्या संग्रहात तयार असतात, ती निवडून लावायची. मग सारे भाग पडद्यावर येऊन पडतात आणि जे जे जोडायचे त्यांच्यामध्ये बारीक सरळ रेघांचे जाळे दिसते. पहिल्यांदा ते पाहून छातीत धडकी भरते. पण ही बैठक आहे हे एकदा ध्यानात आले, की मार्ग सुचतो. गवई मध्ये, तबलजी उजवीकडे, पेटीवाला डावीकडे, तंबोरे मागे. ज्याला ज्याच्याकडे वारंवार पाहावे लागते त्याला त्याच्या जवळ बसवायचे. तसेच येथे. ज्यांचा एकमेकांशी अधिक संबंध ते भाग शेजारी आणले, उलटे बसलेले फिरवले, की जाळ्याचा गुंता आपोआप सुटत जातो. मग एकेक रेघ तांब्याची वाट म्हणून ओढायची. एकाच अंगाला तांबे असल्याने दोन वाटा एकमेकींना छेदू शकत नाहीत. अगदीच अडले, तर वरच्या अंगाने एक तार टाकून वाट ओलांडायची. मूळ कारागिराला अकरा तारा लागल्या होत्या. मला चौदा लागल्या. तो माझ्याहून चांगला मांडणारा होता, हे मी कबूल करतो.

घरी करायच्या बोर्डासाठी काही मापे उदारपणे ठेवावी लागतात. कारखान्यात केसासारख्या वाटा निघतात; इस्त्रीने छापलेल्या बोर्डावर त्या तुटतात. आम्ही वाट १ मिलिमीटर रुंद ठेवली आणि दोन वाटांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी होऊ दिली नाही. भोके ०.८ मिलिमीटरांची, त्यांभोवतीच्या तांब्याच्या टिकल्या २ मिलिमीटरांच्या. ही मापे एकदा किकॅडला सांगून ठेवली, की नियम मोडला तेथे तो बाण दाखवून बोट ठेवतो. पहिल्या तपासणीत माझ्या ४३ चुका निघाल्या. इतका निर्मम परीक्षक मी आमच्या परीक्षामंडळातही पाहिलेला नाही. उरलेल्या रिकाम्या जागेत तांबे तसेच राहू देऊन ते शून्य विद्युत्‌दाबाच्या वाटेला जोडायचे. त्याने द्रव कमी खर्ची पडतो, आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची जी घूं आवाजात शिरते तिलाही आळा बसतो.

पुढचे काम स्वयंपाकघरात शोभेल असे. मांडणी लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायची. तिची शाई म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी असते. साध्या शाईचा प्रिंटर येथे चालत नाही. छापताना आकार जसाच्या तसा हवा. कागदात बसवण्यासाठी यंत्राने थोडा जरी आकसला तरी आयसीचे पाय भोकांत उतरत नाहीत. म्हणून छापलेल्या कागदावर आधी आयसी ठेवून पाहावा. मग घासून लख्ख केलेल्या तांब्यावर कागद पालथा ठेवून कडकडीत इस्त्री फिरवायची. भुकटी वितळून तांब्याला चिकटते. पाटी पाण्यात भिजवून कागद हलक्या बोटांनी चोळून काढला, की तांब्यावर काळ्या रेघा उरतात. त्यानंतर फेरिक क्लोराइडच्या कोमट द्रवात पाटी हलवत राहायचे. अर्ध्या तासाच्या आसपास उघडे तांबे नाहीसे होते आणि काळ्या रेघांखालचे शिल्लक राहते. भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचेच हवे, हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी. डाग कपड्यावरून जात नाहीत. आमच्या मोरीच्या फरशीवर एक तपकिरी डाग अजून आहे. वापरलेला द्रव गटारात ओतू नये, त्यात तांबे उतरलेले असते. आम्ही तो बाटलीत भरून पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेकडे सोपवला.

पहिला बोर्ड सुरेख निघाला. भोके पाडली, आयसीच्या बैठका लावायला घेतल्या, आणि शिष्य गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "गुरुजी, हा डावखुऱ्याचा तंबोरा झाला."

किकॅड खालच्या अंगाचे तांबे, पाटी जणू पारदर्शक आहे अशा रीतीने, वरून पाहिल्यासारखे दाखवतो. कागद पालथा पडतो तेव्हा ते एकदा उलटतेच. म्हणून खालचे अंग जसे दिसते तसेच छापायचे असते. मी मात्र जुन्या बोर्डाचे चित्र घेताना ते उलटे करावे लागले होते, तेवढे ध्यानात धरून, छापतानाही आरशातल्यासारखे उलटवले. सगळे पाय विरुद्ध बाजूला गेले. चार तासांची मेहनत वाया गेली, पण मांडणी वाया गेली नाही. एक खूण काढली, पुन्हा छापले. हाताने रंग भरून बोर्ड काढणाऱ्यांना पूर्वी सारे आरंभापासून करावे लागे. या साधनाचा खरा उपकार तेथे कळला.

दुसरा बोर्ड बरोबर निघाला, पण जुन्या बोर्डावरचे भाग काढताना एका कपॅसिटरचा गंजलेला पाय तुटला. नेमका तोच, ज्याच्यावर पेटीचा स्वर ठरतो. त्या जातीच्या मंडलात स्वराची कंपने रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतात. गुणाकार वाढला की स्वर उतरतो. त्याच अंकाचा नवा कपॅसिटर आणला. पण बाजारातला साधा कपॅसिटर लिहिलेल्या अंकापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी-अधिक असू शकतो. आणि सा ते कोमल रिषभ, हे अंतर अवघे ६ टक्क्यांच्या जवळपास! पेटी बोलू लागली, तिचे चारही स्वर आले, शिष्याने टाळी वाजविली. खुंटी लाल ठिपक्यावर होती. पण तो नानांचा सा नव्हता. चढला होता.

किती चढला, हे मला सांगता येईना. नानांच्या दोन कॅसेट घरात आहेत. पण कॅसेटची चाल जुन्या यंत्रावर कमीजास्त होते, तिच्यावर सा ठरवणे म्हणजे बंद पडलेल्या घड्याळावर वेळ पाहणे. मग तिसरी मांडणी केली. त्या कपॅसिटरच्या वाटेत, खुंटीच्या रेझिस्टरला जोडून, पेचकसाने फिरवायचा एक छोटा रेझिस्टर घातला. त्याने स्वर हवा तेवढा खाली आणता येतो. पडद्यावर हे काम पाऊण तासाचे झाले: चार भाग सरकवले, दोन वाटा वळवल्या, तपासणी केली, छापले.

पेटी देवघराच्या दाराशी ठेवली आणि खुंटी ठिपक्यावर आणली. आई आत वाती वळीत बसली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे. गाणे ती कधी शिकली नाही. पण साठ वर्षे पहाटे तिने तोच सा ऐकला होता. मी पेचकस फिरवू लागलो. तिने मान वर केली नाही.

"अजून वर आहे रे."

आणखी फिरवला.

"थोडा. थोडा खाली." वात वळणारा हात थांबला. "आता पुढे गेलास. मागे घे."

मी कणभर मागे घेतला.

"हां. हा ह्यांचा."

मागाहून मी हार्मोनियम काढून पाहिली. तो काळी एकच्या किंचित खाली होता. नाना आयुष्यभर काळी एकात गायले असे आम्ही सगळे सांगत आलो. ते तिच्या किंचित खाली गात होते, हे आईखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. पेचकसाच्या खाचेवर मी मेणाचा थेंब टाकून ती जागा पक्की केली.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? आमच्या महाराष्ट्रातल्या मिरजेला शिकलगार घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावीत. राजवटी बदलल्या, शस्त्रे गेली, तेव्हा तेच हात तंबोरे घडवू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्या हातांचे चीज झाले. हात नव्या कामाला लावण्यात कमीपणा नाही, हे त्यांच्यावरून शिकावे. घरची वस्तू आपली आपण उघडून पाहिली, तिच्या आतल्या वाटा समजून घेतल्या, तर ती वस्तू नुसती वारसा म्हणून फळीवर पडून राहत नाही. आमच्या मांडणीची संगणकातली प्रत मी शिष्याला दिली आहे. तशीच पेटी कोणाच्या घरी मुकी पडली असेल, तर तो हसत मदत करील. मोबदला म्हणून भूपाचे दोन आलाप ऐकवले तरी त्याला पुरतात.

आणि एक विनंती. हा लेख वाचून झाल्यावर कपाटातल्या जुन्या पेट्या, रेडिओ, घड्याळे एकदा उघडून पाहा, आणि आत सेल असतील तर आजच काढून ठेवा.